माती, देह आणि देव: ख्रिस्ती धर्म भौतिक जगाकडे कसा पाहतो

ख्रिस्ती धर्माबद्दल एक समज फार पसरलेला आहे. हा आत्म्याचा धर्म. देह म्हणजे चार दिवसांचं बिऱ्हाड, पृथ्वी म्हणजे परीक्षेची जागा आणि खरं घर वर स्वर्गात. कित्येक ख्रिस्ती माणसंही याच समजुतीत आयुष्य काढतात. पण चर्चमध्ये शतकानुशतकं म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारा ठरलेला मजकूर, शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐका. त्यात अमर आत्म्याचं नावही येत नाही. तिथे म्हटलंय ते असं की आम्ही देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. मेलेला माणूस देव पुन्हा उठवील, नव्या रूपात उठवील, पण देहासकट.

ज्या धर्माला शेवटीसुद्धा देह हवा आहे, त्याला अन्न, पाणी, हवा, माती या गोष्टी क्षुल्लक म्हणता येत नाहीत. त्यामुळे पर्यावरणाबद्दलची ख्रिस्ती भूमिका समजून घ्यायची असेल तर वृक्षारोपणाच्या मोहिमांपासून सुरुवात करून फारसं हाती लागत नाही. आधी पाहायला हवं की जड पदार्थाबद्दल, हाताला लागणाऱ्या या जगाबद्दल, या धर्माचं म्हणणं काय आहे. निसर्गाविषयीची कर्तव्यं त्यातूनच निघतात.

दुसऱ्या शतकातलं भांडण

हे म्हणणं सहजासहजी ठरलेलं नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सिऑन नावाचा एक धनाढ्य ख्रिस्ती शिकवू लागला की जग निर्माण करणारा देव वेगळा, आणि येशूने ज्याला पिता म्हटलं तो देव वेगळा. जग घडवणारा देव कठोर आणि कमी दर्जाचा. दयाळू पिता मात्र आपल्याला या जगातून सोडवायला आला. सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने मार्सिऑनला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. त्याच काळातले नॉस्टिक गट त्याच्याही पुढे जात. त्यांच्या लेखी जड जग हीच मुळात एक चूक होती. देवत्वाचा अंश देहात अडकून पडलाय आणि गुप्त ज्ञानाने त्याची सुटका करायची, असं ते शिकवत.

या विचारांत आकर्षण होतं हे मान्य करायला हवं. रोगराई, भूकंप, लहान मुलांचे मृत्यू रोज समोर दिसत असताना हे जग चांगल्या देवाने केलेलंच नाही असं म्हटलं की बरेच अवघड प्रश्न सुटतात. ल्योनचा बिशप आयरेनियस याने सन १८० च्या आसपास या सगळ्यांना सविस्तर उत्तर दिलं. त्यातला एक युक्तिवाद मला विशेष मोलाचा वाटतो, कारण तो थेट प्रभुभोजनाच्या मेजावरून उचललेला आहे. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये होणाऱ्या विधीत, भाकर आणि द्राक्षारस असतो. गहू आणि द्राक्षं जमिनीतून येतात. जमीन जर दुसऱ्याच कुठल्या देवाची असेल, तर येशूने परक्याचा माल घेऊन त्याला स्वतःचं शरीर म्हटलं असं होईल. आणि जो देह प्रभूच्या शरीरावर पोसला जातो, तो कायमचा कुजून जाण्यासाठीच आहे असं तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता?

चर्चने आयरेनियसची बाजू घेतली. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने जो विश्वासांगीकार लिहिला, त्याच्या पहिल्याच ओळीत देवाला दृश्य आणि अदृश्य अशा सर्व गोष्टींचा निर्माता म्हटलं आहे. म्हणजे देवदूत ज्याचे, दगडही त्याचेच.

आठव्या शतकात हाच वाद चित्रांच्या निमित्ताने पुन्हा उफाळला. बायझंटाइन सम्राटांनी ख्रिस्ताच्या चित्रांवर बंदी घातली. लाकडाला आणि रंगाला मान देणं म्हणजे मूर्तिपूजा, असा आरोप होता. दमास्कसच्या योहान या धर्मशास्त्रज्ञाने त्यावर जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: मी पदार्थाची पूजा करत नाही, पदार्थाच्या निर्मात्याची करतो, पण त्या निर्मात्याने माझ्यासाठी स्वतः पदार्थाचं रूप घेतलं, म्हणून ज्या पदार्थातून माझं तारण झालं त्याचा मान राखणं मी सोडणार नाही. ७८७ साली नायसियात भरलेल्या दुसऱ्या परिषदेने चित्रांचा मान राखायला मान्यता दिली. योहान बोलतो आहे ते देहधारणाबद्दल. देव येशूमध्ये माणूस झाला, या ख्रिस्ती धर्माच्या मध्यवर्ती दाव्याबद्दल. माणूस होणं म्हणजे भूक लागणं, पाणी पिणं, श्वास घेणं; म्हणजे झाडांनी सोडलेली हवा आणि मातीने दिलेलं अन्न यांच्यावाचून एक दिवसही न निभणं. नव्या करारातलं कलस्सैकरांस पत्र तर म्हणतं की ख्रिस्ताच्या द्वारे देवाने सर्व गोष्टींचा स्वतःशी समेट घडवला. ‘सर्व माणसांचा’ असं तिथे लिहिलेलं नाही.

चांगलं, पण देव नव्हे

आता बायबलच्या पहिल्या पानाकडे जाऊ. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव प्रकाश, जमीन, समुद्र, वनस्पती, तारे, मासे, पक्षी अशी एकेक गोष्ट घडवतो आणि ती चांगली आहे असं पाहतो. माणूस अजून आलेलाही नसतो. म्हणजे समुद्र चांगला आहे हे त्यात माणसाला मासे मिळतात म्हणून ठरत नाही. पहिला आशीर्वादही माणसाला मिळत नाही. “फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा” हे शब्द आधी मासे आणि पाखरं ऐकतात. माणसाला तर स्वतंत्र दिवससुद्धा नाही. सहाव्या दिवशी गुरं, सरपटणारे प्राणी आणि वनपशू यांच्या मागोमाग तो येतो. ‘फार चांगले’ हा शेरा येतो तो सगळं एकत्र पाहिल्यावर.

त्याच वेळी हे जग म्हणजे देव नाही. नदी देवाने केली, ती स्वतः देवता नाही. ख्रिस्ती विचार इथे निसर्गपूजेपासून वेगळा होतो, आणि इथेच त्याच्यावर सर्वांत गंभीर आरोपही झाला. १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात इतिहासकार लिन व्हाइट यांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगातला सर्वाधिक माणूसकेंद्री धर्म आहे. झाडाझऱ्यांत आत्मे असतात हा जुना विश्वास त्याने मोडला, निसर्ग माणसाच्या वापरासाठीच आहे असं शिकवलं, आणि त्या मनोवृत्तीतून आजचं पर्यावरण संकट वाढलं. व्हाइट धर्मविरोधक नव्हते. रोगाची मुळं धार्मिक असल्याने उपायही धार्मिकच लागेल असं त्यांनी लिहिलं, आणि असिसीचा फ्रान्सिस हा पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत व्हावा असं सुचवलं. सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण आणि पृथ्वीला आई म्हणणारं गीत रचणारा हा तेराव्या शतकातला संन्यासी. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला तो मान खरोखरच दिला.

व्हाइट यांचा आरोप झटकून टाकावा असा नाही. विशेषतः सतराव्या शतकापासून, फ्रान्सिस बेकनसारख्या विचारवंतांनी निसर्गावरच्या माणसाच्या सत्तेला नव्या विज्ञानाचं ध्येय बनवलं, आणि त्यासाठी बायबलचाच आधार घेतला. पण ज्या वचनाचा आधार घेतला ते पूर्ण वाचलं गेलं नाही.

सत्ता, पण कसली

ते वचन उत्पत्ती १:२८. पृथ्वी व्यापून टाका, ती सत्तेखाली आणा, मासे, पाखरं आणि प्राणी यांवर सत्ता चालवा. भाषा कडक आहे, ती मवाळ करण्यात अर्थ नाही. मात्र प्राचीन पश्चिम आशियात ‘देवाची प्रतिमा’ हा सहसा राजाचा मान असे. उत्पत्ती तो मान प्रत्येक स्त्री-पुरुषाला देते आणि राजाची जबाबदारीही देते. राजाने सत्ता कशी चालवायची, याबद्दल बायबलची मतं फार स्पष्ट आहेत. संदेष्टा यहेज्केल चौतिसाव्या अध्यायात इस्राएलच्या राज्यकर्त्यांना मेंढपाळ म्हणतो आणि मेंढरांना सांभाळायचं सोडून स्वतःच चरल्याबद्दल त्यांना झोडपून काढतो. मग तो कळपातल्या धष्टपुष्ट, दांडग्या मेंढरांकडे वळतो: चांगल्या कुरणात चरलात ते पुरेसं नव्हतं का, म्हणून उरलेलं कुरण पायांनी तुडवलंत? स्वच्छ पाणी प्यायलात, मग उरलेलं पायांनी गढूळ का केलंत? अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे प्रश्न आजच्या कुठल्याही प्रदूषित नदीच्या काठावर उभं राहून विचारता येतील.

शिवाय सत्ता दिल्यानंतर लगेचच्या वचनात देव माणसाला खायला वनस्पती आणि फळं देतो. मांसाची परवानगी येते ती बऱ्याच नंतर, नोहाच्या जलप्रलयानंतर. त्या प्रलयानंतर देव करार करतो तोसुद्धा फक्त नोहाशी करत नाही. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी करतो. आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला मातीपासून घडवून एदेन बागेत ठेवलं जातं ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने सोळाव्या शतकात या वचनावर लिहिताना म्हटलं की ज्याच्या ताब्यात शेत आहे त्याने वर्षाचं पीक घ्यावं, पण निष्काळजीपणाने जमीन खराब होऊ देऊ नये; मिळाली तशी, किंवा त्याहून चांगली करून, पुढच्या पिढीला द्यावी.

जमिनीलाही विसावा

बायबलमध्ये निसर्गाबद्दल सुंदर स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण मला वाटतं खरी खोली कायद्यांत आहे. तिथे भावना संपतात आणि पोटाचा प्रश्न सुरू होतो.

आठवड्यातला सातवा दिवस शब्बाथ, विसाव्याचा. दहा आज्ञांमध्ये हा विसावा मालकाबरोबर दास, परदेशी आणि गुरंढोरं यांनाही दिला आहे. मग हेच गणित वर्षांना लागतं: सहा वर्षं शेत पेरा, सातव्या वर्षी पडीक ठेवा. आपोआप उगवेल ते गरिबांनी खावं आणि त्यांच्यानंतर उरेल ते रानातल्या जनावरांनी खावं, असं निर्गम पुस्तक सांगतं. कायद्याने वन्यप्राण्यांचा वाटा ठरवून दिला आहे! लेवीय पुस्तकात शेतकऱ्याचा स्वाभाविक प्रश्नही नोंदवलाय: पेरलं नाही तर सातव्या वर्षी आम्ही खायचं काय? उत्तर असं की सहाव्या वर्षी तीन वर्षं पुरेल एवढं पीक येईल. हे उत्तर विश्वासाचं आहे, आणि ते पाळणाऱ्याला किंमत मोजावी लागे. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात बेथसूर शहराला वेढा पडलेला असताना आतल्या लोकांनी शरण जाण्याचं कारण दिलंय: ते विसाव्याचं वर्ष होतं, म्हणून धान्य नव्हतं.

अशी सात सप्तकं झाली की पन्नासावं वर्ष योबेलाचं. त्या वर्षी विकलेल्या जमिनी मूळ कुटुंबांना परत जायच्या. योबेल प्रत्यक्षात कितपत पाळलं गेलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्यामागचं कारण लेवीय २५:२३ मध्ये नेमकं सांगितलंय: जमीन कायमची विकू नका, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परदेशी आणि उपरे आहात. मालकीहक्काची सगळी ख्रिस्ती चर्चा या वाक्यापाशी येऊन अडते. सातबारा कुणाच्याही नावावर असो, मालक दुसराच आहे.

आणि कायदा मोडला तर? लेवीय २६ म्हणतं की लोक हद्दपार होतील आणि मग ओसाड पडलेली जमीन न मिळालेले विसावे भोगून घेईल. इ.स.पू. सहाव्या शतकात यरुशलेम पडलं आणि लोक बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, तेव्हा बायबलमधल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने हद्दपारीच्या सत्तर वर्षांचा अर्थ असाच लावला: देशाने आपले शब्बाथ पुरे केले. दिला नाही तर जमीन आपला विसावा वसूल करते, हा विचार मला बायबलमधल्या सर्वांत कठोर विचारांपैकी वाटतो.

बहुतेक ख्रिस्ती लोक हे शेतीचे कायदे जसेच्या तसे बंधनकारक मानत नाहीत. ते प्राचीन इस्राएलसाठी होते. त्यांतली तत्त्वं मात्र ते मानतात. मर्यादा हा शोषणाला घातलेला लगाम आहे आणि गरीब माणूस व मुकं जनावर यांचं भलं एकत्रच होतं, ही त्यांपैकी दोन.

मग हे सगळं जळून जाणार आहे का?

एक मोठी अडचण राहते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आकाश नाहीसं होण्याची आणि सृष्टितत्त्वं आगीत वितळण्याची भाषा आहे. काही ख्रिस्ती गट त्यावरून म्हणतात की पृथ्वी जळणारच, मग तिची निगा कशाला? पण त्याच अध्यायात आधी नोहाच्या प्रलयाची आठवण आहे: तेव्हाचं जग बुडून ‘नष्ट’ झालं असं तिथे म्हटलंय. पृथ्वी मात्र राहिली. दुष्टता धुतली गेली. आगीचं चित्र त्या पार्श्वभूमीवर वाचलं की ते शुद्धीकरणाचं दिसतं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहत आहे. प्रसूतीच्या कळा मरणासाठी नसतात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस माणसं उडून स्वर्गात जात नाहीत. पवित्र नगरी खाली पृथ्वीवर उतरते, तिच्यातून नदी वाहते आणि नदीकाठी जीवनाचं झाड असतं. त्याच पुस्तकात पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आल्याची घोषणाही आहे. मरणोत्तर जीवनाची आशा पृथ्वीकडे दुर्लक्ष करायला लावते, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उतारे जरूर वाचावेत.

अलीकडच्या काळात चर्चनी हे पुन्हा मोठ्याने बोलायला सुरुवात केली आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलपती (सर्वोच्च मानाचे धर्मगुरू) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्यांच्यानंतर आलेले बार्थोलोम्यू १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे म्हणाले की जाती नामशेष करणं, जंगलं उघडीबोडकी करणं, हवामान बदलवणं, पाणी-हवा-माती विषारी करणं हे पाप आहे. हा शब्द चर्चमध्ये जपून वापरतात. चूक निस्तरता येते, पापाचा पश्चात्ताप करावा लागतो. २०१५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पोप फ्रान्सिस यांनी कबूल केलं की ख्रिस्ती लोकांनी कधीकधी पवित्र शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला, आणि देवाच्या प्रतिमेचा आधार घेऊन इतर प्राण्यांवर निरंकुश सत्ता गाजवण्याची कल्पना ठामपणे नाकारायला हवी. श्रीमंत उत्तरेवर गरीब दक्षिणेचं पर्यावरणीय कर्ज आहे, हेही त्याच परिपत्रात आहे. प्रोटेस्टंट बाजूला, ‘आ रोशा’ या संस्थेचं काम १९८३ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर पक्षिनिरीक्षणाच्या केंद्राने सुरू झालं.

कागदावर काही न लिहिता हे सगळं जगलेलीही एक परंपरा आहे. उत्तर इथिओपियात शेती आणि चराईमुळे मूळचं जंगल जवळपास संपलं. जे उरलंय ते मुख्यतः ऑर्थोडॉक्स चर्चांभोवतीच्या राईंमध्ये. तिथे झाडं हा चर्चचाच भाग मानतात. गुरं आत शिरू नयेत म्हणून अलीकडे तिथले पुजारी आणि वनशास्त्रज्ञ मिळून या राईंभोवती दगडी बांध घालू लागले आहेत.

अजून न मिटलेलं

माणसाची भूमिका नक्की कोणती, यावर ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नाही. बरेच प्रोटेस्टंट लेखक ‘कारभारी’ म्हणतात: मालक देव, आपण दिवाण. ऑर्थोडॉक्स विचारात माणूस सृष्टीचा याजक आहे, जगाला हातात घेऊन देवाला अर्पण करणारा. काहींना दोन्ही खटकतात, कारण दोन्हींत माणूसच मध्यभागी राहतो. मीही त्याच बाजूला झुकतो, आणि त्याला कारण ईयोबाचं पुस्तक. दुःखाने पिचलेला ईयोब देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याला जगाची फेरी घडवतो: जिथे एकही माणूस नाही तिथे पडणारा पाऊस, माणसाच्या वेसणीला न जुमानणारं रानगाढव, गरुडाची घरटी. कारभारी तिथे कुठेच नाही आणि तरी सगळं चाललेलं आहे.

याहून कठीण वाद शिकारीचा आहे. सृष्टी चांगली, तर सिंह हरणाला का फाडतो? आयरेनियसला वाटे की ही आदमच्या पापानंतरची अवस्था आहे. शेवटी संदेष्टा यशयाने म्हटल्याप्रमाणे सिंह खरोखरच कडबा खाईल. तेराव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याला हे पटलं नाही. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलत नाही, सिंह आणि ससाणे आधीपासूनच मांस खात होते, असं त्याने लिहिलं. जीवाश्मांचा पुरावा आज अक्वायनसच्या बाजूने आहे, त्यामुळे माणसाच्या आधीच्या कोट्यवधी वर्षांतल्या वेदनेचा प्रश्न धर्मशास्त्रापुढे उघडाच आहे. १०४ वं स्तोत्र तो सोडवत नाही, पण एक व्यवस्था दाखवतं: रात्री सिंहाचे छावे गर्जना करून देवाकडे अन्न मागतात, सूर्य उगवला की गुहेत परततात, आणि मग माणूस आपल्या कामाला बाहेर पडतो, संध्याकाळपर्यंत. जमीन एकच, पाळ्या दोन. सिंहाची पाळी माणसाने बळकावली तर काय, हे स्तोत्रकर्त्याला विचारावं लागलं नव्हतं. आजच्या धर्मशास्त्राला विचारावं लागतं.